राणी मेली, तरी अंडी कुठून आली?

एप्रिल २०२५ मध्ये केनियात दोन परदेशी तरुणांना तस्करीच्या आरोपाखाली पकडलं. त्यांच्याकडे सापडल्या कापसाचे बोळे लावलेल्या दोन हजारांवर नळ्या आणि त्यांत सुमारे ५,००० मुंग्या, बहुतेक सगळ्या राण्या. त्यांना मोठा दंड झाला आणि मुंग्यांचाही चोरटा बाजार असतो हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

पण राण्याच का? कामकरी मुंग्या तर कुठेही हजारोंनी सापडतात. मुंग्या पाळणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर एकच येईल: राणी नसेल तर वसाहत वाढत नाही, कारण अंडी राणीच घालते.

गंमत अशी, की याच लोकांना कधी ना कधी एक कोडं पडतं. राणी मरून दोन-तीन महिने उलटलेले असतात आणि अचानक घरट्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या अंड्यांचा ताजा पुंजका दिसतो. मग ती अंडी कोणी घातली?

कामकरी मुंग्यांनी. तरीही ‘राणी नाही तर वसाहत नाही’ हे खोटं ठरत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं की मुंग्यांच्या समाजाबद्दलच्या आपल्या बऱ्याच ठाम कल्पना बदलाव्या लागतात.

कामकरी मुंगी वांझ नसते

आपल्याला दिसणाऱ्या, धावपळ करणाऱ्या सगळ्या मुंग्या माद्या असतात. नर मुंग्या ठरावीक हंगामात जन्मतात. त्यांना पंख असतात, समागमापलीकडे त्यांचं फारसं काम नसतं आणि ते लवकर मरतात. राणी आणि कामकरी या दोघी मात्र सख्ख्या मायलेकी. बहुतेक जातींत एकाच प्रकारच्या अंड्यातून राणीही होऊ शकते आणि कामकरीही. अळीला मिळणारं अन्न आणि आजूबाजूची परिस्थिती यांवर तिचं पुढचं आयुष्य बरंचसं ठरतं.

त्यामुळे बऱ्याच जातींतल्या कामकरी मुंगीला अंडाशय असतोच. राणीच्या मानाने तो लहान, पण असतो. बहुतेक जातींत तिच्याकडे नसते ती शुक्राणू साठवण्याची पिशवी. राणी आयुष्याच्या सुरुवातीला, उडता येतं त्या थोड्या काळात समागम करते आणि मिळालेले शुक्राणू या पिशवीत जिवंत ठेवते. तो साठा तिला आयुष्यभर पुरतो. हे आयुष्य केवढं असू शकतं? युरोपातल्या काळ्या बागमुंगीची, म्हणजे लासियस नायगरची एक राणी पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

बहुतेक जातींतल्या कामकरी मुंगीजवळ ही पिशवी नाही आणि ती समागमही करत नाही. म्हणजे तिने अंडं घातलं तरी त्याचं फलन होणार नाही. इथे आपल्याला वाटतं, विषय संपला. मुंग्यांमध्ये तो इथे सुरू होतो.

बाप नसलेले मुलगे

मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या या एका मोठ्या गटात मुलगा-मुलगी ठरण्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. फलित अंड्यातून मादी होते. फलन न झालेलं अंडं वाया जात नाही, त्यातून नर होतो. मधमाश्यांबाबत हे १८४५ साली यान ज्येर्झोन या पोलिश धर्मगुरूने मांडलं, तेव्हा त्यावर बरेच वाद झाले. पुढे त्याच शतकात जॉन लबक या इंग्रज बँकर आणि खासदाराने घरात काचेच्या घरट्यांत वर्षानुवर्षं मुंग्या पाळल्या. कामकरी मुंग्याही अंडी घालतात आणि त्यांतून नरच निघतात, हे त्याने नोंदवून ठेवलं.

म्हणजे नर मुंगीला आई असते, बाप नसतो. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो, तर मादीच्या पेशींत दोन.

हे पत्त्यांच्या भाषेत सांगतो, कारण पुढचं सगळं गणित यावर उभं आहे. आईकडे पत्त्यांचे दोन जोड आहेत असं समजा, लाल पाठीचा आणि निळ्या पाठीचा. प्रत्येक अपत्याला ती दोन्हींतले मिळून एक पूर्ण जोड देते, पण प्रत्येकाला वेगळी मिसळ करून. बापाकडे मात्र एकच जोड आहे. तो प्रत्येक मुलीला त्याच जोडाची हुबेहूब नक्कल देतो. मुलग्याला त्याच्याकडून काहीच जात नाही. आता दोन सख्ख्या बहिणींची तुलना करा. बापाकडून आलेला अर्धा वाटा दोघींत तंतोतंत सारखा, आणि आईकडून आलेल्या अर्ध्यातला सरासरी निम्मा सारखा. म्हणून सख्ख्या बहिणींचं नातं ०.७५ भरतं. कामकरीचं स्वतःच्या मुलाशी नातं ०.५, बहिणीच्या मुलाशी ०.३७५ आणि भावाशी, म्हणजे राणीच्या मुलाशी, फक्त ०.२५. नात्याच्या या हिशेबाला उत्क्रांतीच्या विचारात मध्यवर्ती स्थान मिळालं ते १९६४ साली विल्यम हॅमिल्टन यांच्या लेखांमुळे.

राणी काढून घेतली की काय होतं?

हा प्रयोग वाटतो सोपा. वसाहतीचे दोन भाग करायचे, एकात राणी ठेवायची, दुसऱ्यात नाही, आणि वाट बघायची. पण त्यात फसायच्या जागा पुष्कळ आहेत आणि त्या समजून घेतल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नाही.

पहिली अडचण जुन्या अंड्यांची. राणी काढली त्या दिवशी घरट्यात तिची अंडी, अळ्या, कोष असतातच. मुंग्यांचं अंडं ते प्रौढ हा प्रवास जात आणि तापमान यांनुसार काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालतो. म्हणून चोख प्रयोगात दोन्ही भागांतली सगळी पिल्लावळ काढून टाकतात, किंवा तिची स्वतंत्र नोंद ठेवतात. दुसरी अडचण तुलनेची. राणी असलेल्या भागातही तेवढ्याच मुंग्या, त्याच वयाच्या, तेच अन्न, तीच ऊब हवी. नाहीतर फरक राणीमुळे पडला की उपासमारीमुळे, हे सांगताच येणार नाही. वय तर फारच महत्त्वाचं. घरट्यात राहून अळ्या सांभाळणाऱ्या तरुण मुंग्यांचे अंडाशय चटकन जागे होतात. बाहेर अन्न आणणाऱ्या म्हाताऱ्या मुंग्यांचे बहुधा आकसलेले असतात. राणी नसलेल्या भागात नुसत्या बाहेरच्या मुंग्या उचलून ठेवल्या, तर महिनोन्‌महिने अंडं दिसणार नाही आणि आपण चुकीचा निष्कर्ष काढून मोकळे होऊ.

अशा कामासाठी टेम्नोथोरॅक्स या चिमुकल्या मुंग्या संशोधकांच्या फार आवडीच्या आहेत. त्यांची अख्खी वसाहत ओकच्या एका पोकळ फळात मावते. प्रयोगशाळेत काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवली की त्यांचं घर तयार होतं आणि वरून सगळं दिसतं. वर लाल पारदर्शक कागद घालतात, कारण लाल रंग मुंग्यांना नीट दिसत नाही, त्यांच्या लेखी तो अंधारच. प्रत्येक मुंगीच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन तिची ओळख पक्की करतात.

अंडं घालणारी कामकरी भिंगाखाली पाहणं हा विलक्षण अनुभव आहे. ती एका जागी थांबते, पोट खालून पुढे, पायांच्या मधून वळवते आणि डोकं खाली वाकवते. पोटाच्या टोकाशी पांढरा ठिपका दिसतो, हळूहळू लांबट होतो. मग ती तो जबड्यात अलगद धरते. पुष्कळदा हे होईपर्यंत शेजारची मुंगी डोक्यावरच्या शृंगिका लावून तपासायला आलेलीच असते.

नुसती अंडी मोजूनही भागत नाही, कारण अंडं खाल्लं जाऊ शकतं. म्हणून शेवटी मुंगीचं पोट पाण्याच्या थेंबात उघडून अंडाशय पाहतात. निष्क्रिय अंडाशय म्हणजे बारीक पारदर्शक धागे. जागा झालेला अंडाशय मण्यांच्या सरासारखा दिसतो, टोकाकडे लहान मणी आणि खाली मोठे होत गेलेले. आणि जिने आधी अंडी घातली आहेत, तिच्या अंडाशयाच्या तळाशी पिवळसर डाग उरतात. तिने घातलेलं प्रत्येक अंडं दुसरीने खाऊन टाकलं असलं, तरी हा पुरावा राहतोच.

राणी नाही, हे त्यांना कळतं कसं?

अंधाऱ्या वारुळातल्या हजारो मुंग्यांपैकी बहुतेकींनी राणी समोरून पाहिलेलीही नसते. त्यांना ती कळते वासाने. मुंगीच्या अंगावर मेणचट रसायनांचा पातळ थर असतो. शरीर कोरडं पडू नये हे त्याचं मूळ काम. त्यातल्या काही घटकांवरून कोण आपली, कोण परकी आणि कोणाचे अंडाशय भरात आहेत, हेही कळतं. एका प्राण्याने सोडलेल्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात बदल घडवणाऱ्या अशा रसायनाला फेरोमोन म्हणतात.

२०१० मध्ये ल्यूक होल्मन आणि सहकाऱ्यांनी लासियस नायगरच्या राणीच्या अंगावरचं असं एक रसायन शोधून काढलं. राणी नसलेल्या कामकरी मुंग्यांना ते कृत्रिमरीत्या तयार करून दिलं, तर त्यांचे अंडाशय कमी प्रमाणात जागे झाले. राणी नाही, फक्त तिचा वास, आणि तेवढ्याने फरक पडला. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत स्वच्छ प्रयोग वाटतो. पानं शिवून घरटं करणाऱ्या विणकर मुंग्यांवर बर्ट होल्डोब्लर आणि एडवर्ड विल्सन यांनी त्याआधीच, १९८३ मध्ये, दाखवलं होतं की मेलेल्या राणीचं कलेवर घरट्यात असेपर्यंत कामकरी नरांची अंडी घालत नाहीत.

मोठ्या वसाहतीत हा वास सगळीकडे पोचतो कसा? मुंगळ्यांच्या गोतातल्या कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनस या अमेरिकन जातीत त्याचं सुंदर उत्तर मिळालं. राणीच्या अंड्यांवरही राणीचाच वास असतो. कामकरी ती अंडी दूरच्या दालनांत नेतात, आणि राणी आहे ही खबर अंड्यांबरोबर पोचते. २००४ च्या या अभ्यासात राणीपासून वेगळ्या ठेवलेल्या मुंग्यांना नुसती राणीची अंडी मिळत राहिली, तरी त्यांनी स्वतः अंडी घालणं टाळलं.

मग राणी त्यांच्यावर हुकूमत गाजवते का?

पहिला विचार हाच येतो, आणि पूर्वी बरेच शास्त्रज्ञही असंच मानत. पण विचार करा: हजारो कामकरींच्या शरीराला एका मुंगीने नुसत्या वासाने, त्यांच्या हिताविरुद्ध, लाखो वर्षं दाबून ठेवणं कठीण आहे. ज्या कामकरीवर तो वास चालणार नाही, तिचे मुलगे वाढत जातील आणि दडपशाही मोडेल. १९९३ मध्ये लॉरेंट केलर आणि पीटर नोनाक्स यांनी हा मुद्दा नेमका मांडला. राणीचा वास म्हणजे आदेश नसून बातमी आहे: मी जिवंत आहे, सुदृढ आहे, अंडी घालते आहे. ही बातमी खरी असेपर्यंत राणीची पिल्लं वाढवणं कामकरींच्याच फायद्याचं, कारण त्यांतून ०.७५ नात्याच्या बहिणी मिळतात. बातमी थांबली की हिशेब बदलतो.

मला हीच मांडणी पटते. कामकरीचं अंडी न घालणं ही तिची उणीव नाही, तर परिस्थितीला दिलेलं उत्तर आहे.

राणी असताना कोणी चोरून घातली तर?

तर बाकीच्या बघून घेतात. याला पोलिसगिरी म्हणतात आणि हा शब्द शास्त्रज्ञही गंभीरपणे वापरतात. कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनसमध्ये कामकरीचं अंडं राणीच्या घरट्यात ठेवलं की खाल्लं जातं. त्यावर राणीच्या अंड्यावरचा थर चढवला, तर त्यातली बरीच अंडी वाचतात. अ‍ॅफिनोगॅस्टर कॉकरेली या वाळवंटी जातीत २००९ मध्ये याहून सरळ प्रयोग झाला. अंडाशय जागे झालेल्या मुंगीच्या अंगावर जे एक रसायन वाढतं, ते साध्यासुध्या कामकरीला लावलं. राणी असलेल्या घरट्यात तिच्या बहिणींनी तिच्यावर हल्ला केला. राणी नसलेल्या घरट्यात मात्र तिला तसा त्रास झाला नाही.

पण गणित पाहून इथे चांगला आक्षेप येतो. बहिणीचा मुलगा ०.३७५ आणि राणीचा ०.२५, मग कामकरींनी भाचा वाढवायला हवा, त्याचं अंडं कशाला खायचं? राणीने अनेक नरांशी समागम केला असेल तर उत्तर सोपं आहे. तेव्हा बहुतेक बहिणी सावत्र, त्यांच्या मुलांशी नातं फारच कमी, आणि भाऊ वाढवणं परवडतं. मधमाश्यांत हेच दिसतं. पण कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनसची राणी एकदाच समागम करते, तरी तिथे पोलिसगिरी आहे. म्हणजे नात्याचं गणित एकटं पुरत नाही. अंडी घालण्यात गुंतलेली कामकरी काम कमी करते, आणि त्याची झळ सगळ्या वसाहतीला बसते. तो तोटा मोठा असेल तर भाच्यावर पाणी सोडणंच फायद्याचं. नात्याचे आकडे सांगून थांबणारे लेख पुष्कळ दिसतात. हा अर्धा भाग त्यांत सुटतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

राणी गेल्यावर सगळ्याच घालू लागतात का?

नाही. आता भाऊ येणार नाहीत, पर्याय दोनच: स्वतःचा मुलगा ०.५ किंवा भाचा ०.३७५. साहजिकच प्रत्येकीला स्वतःचा हवा, आणि भांडणं सुरू होतात. शृंगिकांनी एकमेकींना बडवणं, जबड्यात धरून ओढणं, एकमेकींची अंडी खाणं. ब्लेन कोल यांनी १९८१ मध्ये टेम्नोथोरॅक्सच्या एका जातीत दाखवलं की कामकरींमध्ये वरपासून खालपर्यंत उतरंड लागते आणि अंडी वरच्या जागांवरच्या घालतात.

ब्राझीलच्या डायनोपोनेरा क्वाड्रिसेप्समध्ये तर राणी ही वेगळी जमातच नाही. कामकरींतलीच एक प्रमुख होते, समागम करते आणि अंडी घालते. तिच्या जागेवर दुसरी चढू पाहू लागली, की प्रमुख मुंगी नांगीने तिच्या अंगावर एक स्राव फासते. मग खालच्या मुंग्या त्या महत्त्वाकांक्षी मुंगीचे पाय आणि शृंगिका धरून तिला जागेवर जखडतात, काही वेळा कित्येक दिवस.

भारतात आढळणाऱ्या हार्पेग्नॅथोस सॉल्टेटर या उड्या मारणाऱ्या मुंगीची कहाणी मला सर्वांत थक्क करते. तिथे कामकरींनाही समागम करता येतो. राणी मेली की त्या शृंगिकांनी कित्येक आठवडे द्वंद्व खेळतात. जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालू लागतात, आणि त्यांचं शरीर बदलतं. साधारण सात महिने जगणारी कामकरी मग सुमारे चार वर्षं जगू शकते. तिचा मेंदू जवळपास पाचव्या हिश्श्याने लहान होतो. २०२१ च्या एका अभ्यासात अशा मुंग्यांना वेगळं ठेवून पुन्हा कामकरी व्हायला भाग पाडलं, तर अंडाशय आकसले आणि मेंदू परत वाढला.

माझ्या राणीविना घरट्यात कामकरीच जन्मल्या, त्याचं काय?

पाळणाऱ्यांकडून ही तक्रार येते तेव्हा ते खोटं बोलत नसतात, पण आधी साधी कारणं तपासायला हवीत. राणी मरण्याआधीची अंडी किंवा हळू वाढणाऱ्या अळ्या राहिल्या असतील. थंडीत वाढ थांबून पुढच्या हंगामात पुरी होणाऱ्या अळ्याही असतात. काही जातींत एकाच घरट्यात अनेक राण्या असतात, आणि पंख गळालेली लहान राणी नजरेतून सहज सुटते.

ही सगळी कारणं बाद झाली, तर मात्र खरी अपवादात्मक जात हाती लागलेली असू शकते. काही थोड्या मुंग्यांत फलन न होताच मादी जन्मते. कॅटॅग्लिफिस कर्सरमध्ये राणी मेल्यावर कामकरी अशा अंड्यांतून नवी राणी वाढवू शकतात. ओओसेरिया बायरोई या जातीत तर राणी नाहीच, सगळ्या कामकरी अंडी घालतात आणि स्वतःच्या जवळजवळ हुबेहूब मुली जन्माला घालतात.

आणखी एक घोटाळा होतो तो अंडी दिसून पिल्लं न येण्याचा. अनेक जातींतल्या कामकरी खाण्यासाठीची अंडी घालतात. ती मऊ, लिबलिबीत असतात, त्यांतून काहीच उबत नाही, आणि ती अळ्यांना किंवा राणीला भरवतात. म्हणून अंडी पाहून निष्कर्ष काढू नये. अळी, मग कोष, मग पंख असलेला नर, इथपर्यंत थांबावं.

उलट बाजूही आहे. फायडोल, सोलेनॉप्सिस आणि मोनोमोरियम या गटांतल्या कामकरींना अंडाशयच नसतात. त्यांची राणी काढून कितीही वाट पाहिली, तरी अंडं येणार नाही. प्रयोगाला बसण्याआधी आपल्या हातातली जात ओळखणं ही म्हणूनच पहिली पायरी, आणि बहुतेक फसलेले प्रयोग मला तिथेच फसलेले दिसतात.

नुसते नर जन्मून उपयोग काय?

त्या घरट्याला काहीच नाही. नर काम करत नाहीत, अन्न आणत नाहीत, अळ्या सांभाळत नाहीत. कामकरी म्हाताऱ्या होऊन एकेक करत मरतात, त्यांची जागा घ्यायला नव्या येत नाहीत, आणि वसाहत संपते. बाजारात राणीलाच किंमत येते ती यामुळे.

पण घरटं संपणं म्हणजे वंश संपणं नव्हे. त्या नरांना पंख असतात आणि समागमासाठी आवश्यक सगळं असतं. हंगामात ते उडाले आणि दुसऱ्या घरट्यातल्या एखाद्या तरुण राणीशी त्यांची गाठ पडली, तर कामकरीचा वारसा तिच्या पिशवीत कित्येक वर्षं जिवंत राहतो आणि तिच्या प्रत्येक मुलीत उतरतो. मरणपंथाला लागलेल्या वसाहतीने उरलेलं सगळं अन्न आणि श्रम नर वाढवण्यात घालणं म्हणूनच वाया जात नाही. त्यांतले बहुतेक नर समागमाविना मरतात, हेही खरं. तरी एकही अंडं न घालता मरणाऱ्या कामकरींपेक्षा हा जुगार सरस ठरतो, आणि इतक्या वेगवेगळ्या जातींतल्या कामकरींनी तो अंडाशय अजून का टिकवून ठेवला आहे, याचं एक मोठं कारण हेच असावं.